रिफायनरीला मराठीत काय लिहायचं? शुद्धीकरण, परिष्करण आणि सीमाभागातला ‘घटक’

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न असा आहे: ‘एका कंपनीची सुरक्षा पुस्तिका कन्नड आणि इंग्रजीवरून मराठीत आणते आहे. रिफायनरी या शब्दासाठी माझ्याकडून एका पानावर शुद्धीकरण कारखाना, दुसऱ्यावर शुद्धीकरण घटक आणि तिसऱ्यावर परिष्करणी असं लिहून झालंय. बरोबर कोणता? साखर कारखाना, डिस्टिलरी, ॲल्युमिनाचा कारखाना, सांडपाण्याचं केंद्र या सगळ्यांना एकच शब्द चालेल का?’

ताई, आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुस्तिका अडून राहणार नाही. जिथे शुद्ध केलेला पदार्थ हाच विकायचा माल आहे, तिथे ‘रिफायनरी’ लिहा आणि तिच्यापुढे त्या मालाचं नाव लावा: तेल रिफायनरी, साखर रिफायनरी, ॲल्युमिना रिफायनरी. तेलाच्या बाबतीत ‘तेलशुद्धीकरण कारखाना’ हा शब्द वर्तमानपत्रांनी चांगला रुळवलाय, तोही चालेल. घाण पाणी सोडण्याजोगं करायचं असेल तिथे ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’. पिण्याच्या पाण्याला ‘जलशुद्धीकरण केंद्र’. ‘शुद्धीकरण घटक’ मात्र पुस्तिकेतून शोधून शोधून काढून टाका. ‘परिष्करणी’ पुस्तकात राहू दे, गेटवरच्या पाटीवर नको.

आता यामागची कारणं सविस्तर लिहितो, कारण पुढच्या पुस्तिकेत याच जातीचे आणखी दहा शब्द तुमच्यापुढे येणार आहेत.

मी तीस वर्षं साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत काढली. निवृत्त झाल्यापासून कारखान्यांच्या पाट्या, सूचना, यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत आणायचं काम करतो. शब्दाचा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा आला तो कोशात बघताना नव्हे, एका रात्रपाळीत.

कारखान्याचं नाव सांगत नाही. उसाचा रस जिथे तापवून, चुना आणि गंधकाचा धूर देऊन निवळला जातो, त्या भागाला त्या हंगामात नवी पाटी लागली होती: ‘शुद्धीकरण विभाग’. इंग्रजी मूळ शब्द होता क्लॅरिफिकेशन. भाषांतर करणाऱ्यानं कोश उघडला, शब्द उचलला, रंगाऱ्यानं रंगवला. पाटीच्या खाली जरा बाजूला एक नळ होता. त्याला कंडेन्सेट येतं, म्हणजे रस आटवताना निघालेल्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी. दिसायला काचेसारखं स्वच्छ. पण उसाच्या रसातून आलेला अमोनिया त्यात उतरलेला असतो आणि कधी रसही उडून येतो. धुण्याला, बॉयलरला ते ठीक, पिण्याला नाही. चिकोडीकडचा एक नवा पोरगा रात्री दोन वाजता त्या नळावर बाटली भरून प्यायला. पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. सुदैवानं दिवसभरात सावरला. मी त्याला रागानंच विचारलं, तिथलं पाणी कशाला प्यालास? तो म्हणाला, ‘‘सायेब, वर शुद्धीकरण म्हणून लिवलंय की. मला वाटलं, पाणी शुद्ध करत्यात हितं.’’

पोराचं काय चुकलं होतं? आमच्याकडे गावोगावी चौकात टाकी आणि काचेची खोली असलेलं पाण्याचं केंद्र असतं. नाणं टाकलं की घागर भरते. त्यावर कन्नडमध्ये लिहिलेलं असतं ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’. ‘शुद्ध’ हा शब्द त्यानं आयुष्यात जिथे वाचला होता, तिथे तो पाण्याबद्दलच होता. पाटीनं त्याला सांगितलं नाही की इथे काय शुद्ध होतंय.

‘शुद्धीकरण’ या शब्दाची अडचण ही आहे. तो एकटा उभा राहत नाही. कशाचं, हे सांगितलं नाही तर वाचणारा आपल्या मनातलं नाव भरून वाचतो. त्या पाटीवर नंतर आम्ही ‘रस निवळणी विभाग’ लिहिलं आणि नळावर वेगळी पाटी लावली: ‘हे पाणी पिऊ नये’. निवळणं हा शब्द पोराच्या आजीच्याही तोंडी असतो. गढूळ पाणी तुरटी फिरवून ठेवलं की निवळतं, तसाच रस निवळतो. गाळ खाली बसतो, वरचा निवळ रस पुढे जातो. क्लॅरिफायरच्या टाकीत नेमकं हेच घडतं.

आता ‘शुद्ध’ या मूळ शब्दाकडे जरा थांबून बघू, कारण भाषांतरात सर्वांत जास्त घोटाळा याच्यात होतो.

घरात आपण ‘शुद्ध तूप’ म्हणतो तेव्हा म्हणायचं असतं की यात दुसरं काही मिसळलेलं नाही. घाण्यावरच्या शेंगतेलाच्या डब्यावर ‘शुद्ध घाण्याचे तेल’ लिहिलेलं असतं. त्या तेलातून कुणी काही काढलेलं नसतं. शेंगेचा वास, रंग, थोडा गढूळपणा सगळं तसंच असतं आणि त्यालाच आपण शुद्ध म्हणतो. बाजूच्याच फळीवर ‘रिफाइंड तेल’ असतं. त्यातला चिकट अंश पाणी घालून वेगळा केलेला असतो, आंबटपणा कॉस्टिक सोड्यानं मारलेला असतो, रंग खास प्रकारच्या मातीनं शोषून घेतलेला असतो, आणि शेवटी निर्वात टाकीत 200 अंश सेल्सियसच्या वर तापवून, वाफ सोडून वासही काढलेला असतो. कारखान्याच्या भाषेत शुद्ध हे. म्हणजे स्वयंपाकघरात शुद्ध म्हणजे काही न घातलेलं, आणि कारखान्यात शुद्ध म्हणजे नको ते काढलेलं. दोन्ही अर्थ खरे आहेत, पण एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून उभे आहेत. म्हणून ‘रिफाइंड तेल’ याचं भाषांतर ‘शुद्ध तेल’ असं कधीही करू नका. गिऱ्हाईक फसतं. ‘रिफाइंड तेल’च लिहा. किराणा दुकानात आजी-आजोबासुद्धा हाच शब्द वापरतात.

इथे हेही सांगतो की काढून टाकणं वाईट आणि ठेवणं चांगलं असा काही नियम नाही. सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते रिफायनरीत काढल्याशिवाय सरकीचं तेल खाण्याला योग्य होत नाही. शेंगतेलाची तशी सक्ती नाही. कोणत्या पदार्थातून काय काढलं जातंय, हे कळल्याशिवाय शब्दानं मत देऊ नये.

मराठीत या सगळ्या कामाला जुना आणि भारी शब्द होता: गाळणे. संस्कृतातल्या गल् धातूपासून, म्हणजे ठिबकणे, पाझरणे यापासून आलेला. त्याचा पसारा बघा. पाणी फडक्यातून गाळायचं. दारू गाळायची, म्हणजे तापवून वाफ धरून थंड करायची. ऊस गाळायचा, म्हणून कारखान्याचा ‘गाळप हंगाम’. वितळवून सोनं शुद्ध करणाऱ्यांची ‘गलाई’ही याच कुळातली. फिल्टर, डिस्टिल, क्रश, मेल्ट या चार वेगळ्या क्रियांना मराठी माणसानं एकाच शब्दाच्या घरात जागा दिली, कारण त्याला चारही ठिकाणी एकच गोष्ट दिसली: हवं ते पाझरून बाहेर येतं, नको ते मागे राहतं. कारखान्याची पाटी आज या शब्दानं रंगवता येणार नाही, कारण गाळप म्हटलं की आता ऊसच डोळ्यांपुढे येतो. तरी भाषांतर करताना हा शब्द मनात असू द्या. वाक्य अडलं की विचारा, इथे काय पाझरतंय आणि काय मागे राहतंय? उत्तर मिळालं की योग्य शब्द आपोआप सुचतो.

गलाईवरून आठवलं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतले हजारो लोक देशभरच्या सराफ कट्ट्यांवर सोन्या-चांदीची गलाई करतात. (तो खानापूर विट्याजवळचा, तुमचा खानापूर नव्हे. कागदपत्रात जिल्हा लिहायला विसरू नका.) त्यांची जुनी रीत अशी: जुन्या दागिन्यात दुप्पट-तिप्पट चांदी मिसळून वितळवायचं, म्हणजे एकूण वजनात सोनं सुमारे चौथा हिस्सा राहतं. मग तो मिश्र धातू नायट्रिकच्या तेजाबात टाकायचा. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतात, सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहतं. शुद्ध करायच्या आधी सोन्यात मुद्दाम चांदी घालावी लागते, कारण सोनं जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. आता मोठ्या शहरांत यालाच ‘गोल्ड रिफायनरी’ म्हणतात. भाषांतरात मी ‘सोन्याची रिफायनरी’ लिहितो आणि माणसाच्या धंद्याबद्दल असेल तर ‘गलाई’. गलाई करणाऱ्या माणसाला ‘सुवर्णशुद्धीकरण व्यावसायिक’ असं लिहिलेलं मी वाचलंय. त्याला स्वतःला तरी ते आपल्याबद्दल आहे हे कळेल का?

आता सीमाभागाचा खास प्रश्न, आणि तुमच्या पुस्तिकेतली खरी चूक: घटक.

आपण रोज कन्नड पाट्या वाचतो, मुलं कन्नड शिकतात, सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. दोन्ही भाषांनी संस्कृतातून भरपूर शब्द घेतलेत. त्यामुळे कन्नड शब्द देवनागरीत लिहिला की तो मराठीच वाटतो. पण तो त्या घरात वेगळ्या कामाला लागलेला असतो. कन्नडमध्ये ‘घटक’ म्हणजे युनिट, कारखान्याचा किंवा खात्याचा एक विभाग. मराठीत ‘घटक’ म्हणजे एखाद्या गोष्टीत असलेला अंश: खतातले घटक, समाजातले घटक, धड्यातला घटक. त्यामुळे ‘शुद्धीकरण घटक’ हे मराठी माणूस ‘शुद्ध करणारं द्रव्य’ असं वाचतो. तुमच्या पुस्तिकेत ‘शुद्धीकरण घटकाजवळ धूम्रपान करू नये’ असं वाक्य असेल, तर कामगार कसल्या तरी रसायनाचा डबा शोधत बसेल.

‘संस्करण’ची गोष्ट तशीच. कन्नडमध्ये ‘संस्करणे’ म्हणजे प्रक्रिया. अन्नप्रक्रिया उद्योग तिकडे ‘आहार संस्करणे’ होतो, तेलाची रिफायनरी ‘तैल संस्करणागार’, आणि सांडपाण्याचं केंद्र ‘त्याज्य नीरु संस्करणा घटक’. मराठीत संस्करण म्हटलं की पुस्तकाची आवृत्ती आठवते, नाहीतर संस्कार. ‘सांडपाणी संस्करण घटक’ हे मी एका छापील पत्रकात पाहिलंय. शब्द तिन्ही मराठी दिसतात, अर्थ मराठीत पोचत नाही. तिसरा शब्द ‘स्थावर’. कन्नडमध्ये वीजनिर्मिती केंद्र म्हणजे ‘विद्युत स्थावर’. कैगाचं अणुवीज केंद्र ‘अणु विद्युत स्थावर’. आपल्याकडे स्थावर म्हणजे जमीनजुमला. ‘स्थावरात प्रवेश निषिद्ध’ असं लिहिलं तर माणसाला वाटेल की जमिनीचा दावा चालू आहे.

कन्नड वाईट किंवा मराठी चांगली असं मला यातून सुचवायचं नाही. दोन्ही आपल्या अंगणातल्या भाषा आहेत आणि माझं अर्धं काम कन्नड सहकाऱ्यांनी सोपं केलंय. पण सख्ख्या शेजाऱ्याच्या घरातली भांडी आपल्यासारखीच दिसली तरी तो त्यात काय शिजवतो, हे विचारून घ्यावं लागतं.

मग ‘युनिट’ला मराठीत काय? जागेप्रमाणे विभाग, केंद्र, कारखाना, संयंत्र. ‘संयंत्र’ मी टाळतो, कारण कामगार तो शब्द वाचतात पण बोलत नाहीत. ‘प्लँट’ सगळे बोलतात. ‘प्रकल्प’ शब्दाबद्दल मात्र सावध राहा. मराठीत होऊ घातलेल्या कामालाही प्रकल्प म्हणतात आणि उभ्या असलेल्या कारखान्यालाही. कोकणात राजापूर तालुक्यात आधी नाणार आणि मग बारसू इथे वर्षाला 6 कोटी टन क्षमतेच्या तेल रिफायनरीचा प्रस्ताव आला, लोक विरोधात उभे राहिले. ‘रिफायनरी’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो तेव्हा. त्या बातम्यांत ‘रिफायनरी प्रकल्प’ बरोबर होतं, कारण तिथे कारखाना नव्हता, बेत होता. तुमच्या पुस्तिकेतला कारखाना चालू आहे. तिथे ‘प्रकल्पात शिरताना हेल्मेट घाला’ यापेक्षा ‘प्लँटमध्ये शिरताना’ हे जास्त नेमकं.

साखरेबद्दल विस्तारानं लिहितो, कारण ते माझं क्षेत्र आणि बेळगाव जिल्ह्याचंही. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, उगार, अथणी, कुठेही जा, धुराडं दिसतंच. पण साखर कारखाना आणि साखर रिफायनरी एक नव्हे. आपल्याकडचे बहुतेक कारखाने उसापासून थेट पांढरी साखर करतात. रसाला चुना, गंधकाचा धूर, निवळणी, मग आटवणं, पुन्हा गंधक, पॅनमध्ये दाणा धरणं आणि शेवटी मशीनमध्ये फिरवून मळी वेगळी. रिफायनरीचा कच्चा माल मात्र ऊस नसतो, साखरच असते. तपकिरी कच्ची साखर धुऊन विरघळवायची, तिचा पाक चुना आणि फॉस्फोरिक आम्लानं किंवा कर्बवायूनं स्वच्छ करायचा, रेझिनमधून किंवा कोळशातून नेऊन रंग काढायचा, आणि त्याचा पुन्हा दाणा करायचा. काही कारखान्यांत उसाच्या लाइनला जोडून रिफायनरीही असते. तेव्हा पुस्तिकेत दोन्हींची नावं स्वतंत्र लिहा, नाहीतर एका भागाची सूचना दुसऱ्या भागातला माणूस पाळत बसेल.

प्रयोगशाळेत शुद्धता कशी ठरते, तेही सांगतो. साखरेचं द्रावण अगदी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं, काचेच्या चौकोनी नळीत भरायचं आणि 420 नॅनोमीटरचा प्रकाश किती अडतो ते यंत्रावर वाचायचं. त्यावरून इक्युम्सा रंगाचा, म्हणजे साखरेचा रंग मोजायच्या आंतरराष्ट्रीय मापाचा, आकडा निघतो. आपल्या नेहमीच्या साखरेचा साधारण 100 ते 150, रिफाइंड साखरेचा 45 किंवा त्याहून कमी. पहिल्या वर्षी मी दोन साखरा तळहातावर घेऊन तासभर बघत होतो, मला दोन्ही पांढऱ्याच दिसत होत्या. वरिष्ठांनी दोन्हींचा पाक करून काचेच्या दोन पेल्यांत ओतला. एकात फिका चहा, दुसऱ्यात जवळजवळ पाणी. कारखान्यात शुद्ध म्हणजे हा आकडा. त्यात पवित्र काही नाही आणि अपवित्रही काही नाही.

हे मुद्दाम लिहिलं, कारण ‘शुद्धीकरण’ शब्दाला आपल्या समाजात दुसरा इतिहास आहे. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलित समाजानं पाणी प्यायल्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याचे 108 घडे ओतून त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. माणसाच्या स्पर्शाला घाण ठरवणारा हा शब्द आजही बातम्यांत त्याच अर्थानं अधूनमधून येतो. ज्या घरांनी हे सोसलं, त्या घरातली मुलं आज आपल्या कारखान्यांत ऑपरेटर आहेत, केमिस्ट आहेत. म्हणूनही मी हा शब्द एकटा कधी लिहीत नाही. त्याच्यापुढे तेल, पाणी, रस असं पदार्थाचं नाव आलं, की तो रसायनशास्त्राचा शब्द होतो.

आता ॲल्युमिना, म्हणजे जिच्यापासून पुढे ॲल्युमिनियम धातू काढतात ती पांढरी भुकटी. बेळगावच्या यमनापूरला ॲल्युमिनाची रिफायनरी आहे. जुनी माणसं अजून तिला ‘इंडाल’ म्हणतात, आज ती हिंडाल्कोची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवरचं तांबूस बॉक्साइट ट्रकनं येतं. ते दळून दाबाखाली गरम कॉस्टिक सोड्यात शिजवलं, की ॲल्युमिनियमचा अंश विरघळतो आणि लोखंड, टायटॅनियम वगैरे गाळात राहतं. तो ‘रेड मड’, म्हणजे लाल चिखल. स्वच्छ द्रावणातून मग पांढरे कण बसवतात आणि 1000 अंशांच्या आसपास भाजून ॲल्युमिनाची भुकटी करतात. ही पद्धत कार्ल योझेफ बायर यांनी 1880 च्या दशकात शोधली आणि आजही तीच चालते. एक टन ॲल्युमिनासाठी साधारण दोन ते तीन टन बॉक्साइट लागतं.

इथे भाषांतरकार अडतो तो ‘ॲल्युमिनियम शुद्धीकरण कारखाना’ लिहून. ते चूक आहे, कारण त्या पांढऱ्या भुकटीत धातू अजून मोकळा झालेलाच नाही. धातू पुढे स्मेल्टरमध्ये विजेच्या जोरावर निघतो आणि तो पूर्ण वेगळा कारखाना असतो. सुरक्षेच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. रिफायनरीत मुख्य धोका कॉस्टिकनं भाजण्याचा, स्मेल्टरमध्ये वितळलेल्या धातूचा आणि विजेचा. नाव चुकलं तर सूचनाही चुकीच्या धोक्याची वाचली जाते.

यावरून माझा एक नियम झालाय. रिफायनरीच्या आधी तयार मालाचं नाव लावायचं: साखर, ॲल्युमिना. प्रक्रिया केंद्राच्या आधी आत येणाऱ्या गोष्टीचं नाव लावायचं: सांडपाणी, कचरा. कारण पहिल्या ठिकाणी लोकांना काय बाहेर येतं याच्याशी कर्तव्य असतं, दुसऱ्या ठिकाणी काय आत जातं याच्याशी. जलशुद्धीकरणात आत पाणी आणि बाहेरही पाणी, म्हणून तिथे प्रश्नच येत नाही. बेळगावातल्या लक्ष्मीटेकच्या केंद्राला सगळं शहर जलशुद्धीकरण केंद्र म्हणतं, ते अगदी बरोबर. हलग्याच्या केंद्राला मात्र ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’च म्हणावं. तिथे शुद्धीकरण म्हटलं, की बाहेर येणारं पाणी पिण्याजोगं असल्याचा समज होतो.

खनिज तेलाच्या रिफायनरीत ‘शुद्धीकरण’ हा शब्द अर्धाच लागू पडतो. कच्चं तेल म्हणजे घाण मिसळलेलं पेट्रोल नव्हे. ते शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. साधारण 350 अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडलं की हलके भाग वर, जड भाग खाली असे वेगळे होतात. शाळेच्या पुस्तकातलं प्रभाजी ऊर्ध्वपातन ते हेच. मग जड रेणू तोडून हलके करतात. खरं ‘शुद्धीकरण’ होतं ते गंधक काढताना. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांत पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 10 भागांपर्यंतच चालतं, आधी ते 50 होतं. आपल्या कर्नाटकातली मोठी रिफायनरी मंगळूरची. तिच्याबद्दल लिहिताना ‘तेलशुद्धीकरण कारखाना’ आणि ‘रिफायनरी’ दोन्ही आलटून पालटून वापरले तरी कुणाचं काही अडत नाही, कारण शब्द पुरेसा रुळलाय.

डिस्टिलरी ही रिफायनरी नाही. ती मळीपासून आंबवून, वाफ धरून अल्कोहोल बनवते. कारखान्याच्या कागदांत तिला ‘आसवनी’ म्हणतात, तोच शब्द ठेवा. कामगारांच्या सूचनांत ‘डिस्टिलरी’.

‘परिष्करणी’बद्दल माझं मत बदलत गेलंय. तरुणपणी मला तो शब्द जड वाटायचा. आता वाटतं की रिफाइन या क्रियेच्या तो जास्त जवळ आहे. परिष्कृत भाषा म्हणतो तेव्हा भाषा धुऊन काढलेली नसते, घडवलेली असते, आणि कच्च्या तेलाचंही तेच होतं. तांत्रिक लेखात ‘परिष्करण’ जरूर वापरा. पण आग लागल्यावर कुणी ‘परिष्करणीकडे पळा’ म्हणून ओरडणार नाही. सुरक्षा पुस्तिकेतला शब्द ओरडता आला पाहिजे.

शुद्धलेखनाचं एक. ‘शुद्धीकरण’मध्ये धी दीर्घ. एकीकरण, विद्युतीकरण, रुंदीकरण यांत जशी दीर्घ ई, तशीच. मूळ शब्द ‘शुद्ध’ आणि त्याला करण जोडताना मध्ये दीर्घ ई येते. लोक ‘शुद्धिपत्र’ बघून ‘शुद्धिकरण’ लिहितात. तिथे मूळ शब्द ‘शुद्धि’ आहे आणि समासात तो ऱ्हस्व राहतो, ही वेगळी वाट. रिफायनरी स्त्रीलिंगी: ती रिफायनरी, त्या रिफायनऱ्या, रिफायनरीत. ‘रिफाइनरी’ हे हिंदीचं लेखन, मराठी मजकुरात य लिहा.

तुम्ही नमुन्यादाखल तीन वाक्यं पाठवली होती. ‘शुद्धीकरण घटकात अनधिकृत व्यक्तीस प्रवेश नाही’ याऐवजी: ‘रिफायनरीत परवानगीशिवाय येऊ नये.’ ‘संस्करण घटकातील गाळ हाताळताना हातमोजे वापरावेत’ याऐवजी: ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ हातमोजे घालूनच उचलावा.’ आणि तिसरं, ‘शुद्ध द्रव अंगावर उडाल्यास पाण्याने धुवावे’. हे तर आजच बदला. ॲल्युमिनाच्या त्या टाकीतला द्रव गाळ काढलेला असल्यानं इंग्रजीत त्याला स्वच्छ द्रावण म्हणतात, पण ते तीव्र कॉस्टिक आहे. लिहा: ‘टाकीतला द्रव पाण्यासारखा दिसला तरी कॉस्टिक आहे. अंगावर उडाल्यास लगेच नळाखाली उभे राहा, भरपूर पाण्याने बराच वेळ धूत राहा आणि शिफ्ट इनचार्जला बोलवा.’ वाक्य लांबलं तर लांबू दे, आणि हीच सूचना टाकीवर कन्नडमध्येही असू द्या.